पिल्लाच्या कुंडीत पेंड बेतानं

या महिन्याअखेर तुझ्या पहिल्या वेताची पिल्लं आईपासून वेगळी व्हायची आहेत. त्याआधी चार गोष्टी तुझ्या कानावर घालतो. शेड कशी बांधायची, लोहाचं इंजेक्शन कधी द्यायचं, लस कोणती, हे तुला प्रशिक्षणात शिकवलं आहे. ते मी उगाळत बसत नाही. मला बोलायचं आहे ते पेंडीबद्दल आणि पिल्लाच्या पोटातल्या जंतूंबद्दल. माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. दूध तोडल्यावर पिल्लं हगायला लागली की माणूस धावत यायचा आणि पहिला शब्द बोलायचा, ‘डॉक्टर, औषध द्या.’ मी विचारायचो, ‘कुंडीत काय घातलंस?’ बहुतेक वेळा उत्तर एकच असे: आता आईचं दूध बंद झालं, पिल्लू वाळेल, म्हणून सोया डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोयाबीनची पेंड, वाढवली, वर मासळीची कुटी घातली. मायेनंच केलेलं असतं ते. पण हगवण त्या मायेतूनच सुरू झालेली असते.

असं का होतं ते नीट समजून घे. कारण कळलं की पुढचे निर्णय तुझे तुला घेता येतील, दर वेळी मला फोन करावा लागणार नाही.

डुकरानं खाल्लेलं प्रथिन पचतं ते पुढच्या भागात. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन त्याचे तुकडे करतात, लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेलं ट्रिप्सिन ते आणखी बारीक करतं, आणि शेवटी सुटी झालेली अमिनो आम्लं आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातात. इथवर जे पचलं ते तुझ्या डुकराचं. इथं जे पचलं नाही ते पुढे सरकतं आणि आंधळ्या आतड्यात, मोठ्या आतड्यात जाऊन पडतं. तिथं अब्जावधी जंतू बसलेले असतात. तिथं पोहोचलेलं प्रथिन पिल्लाच्या अंगी लागत नाही, ते जंतूंचं खाणं होतं.

आता हे जंतू काय खातात त्यावर ते काय सोडतात हे ठरतं. त्यांना तंतू मिळाले, न पचलेलं पिष्ट मिळालं, तर ते आंबवून ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार करतात. यातल्या ब्युटिरिक आम्लावर तर मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या पेशी जगतात. आतडं थोडं आंबट राहतं आणि आंबटपणा न सोसणारे जंतू दबून राहतात. पण तंतू संपले आणि प्रथिनच समोर आलं, तर ते प्रथिन कुजवायला लागतात. त्यातून अमोनिया निघतो, हायड्रोजन सल्फाइड निघतो, कॅडाव्हेरिन आणि पुट्रेसिनसारखी अमाइनं निघतात, फिनॉल आणि इंडोल निघतात. अमोनियामुळे आतड्यातला आंबटपणा जातो आणि भिंतीच्या पेशींना इजा होते. अमाइनं आतड्याला चेतवतात, पाणी सुटायला लागतं. मोठ्या डुकराच्या मोठ्या आतड्यातही सुरुवातीला तंतू आंबतात आणि शेवटाकडे, तंतू संपल्यावर, प्रथिन कुजतं. मोठ्या जनावराला ते बऱ्यापैकी सोसतं. पाच आठवड्यांच्या पिल्लाला सोसत नाही.

पिल्लाला का सोसत नाही, ते सांगतो. आईच्या अंगावर असेपर्यंत त्याच्या जठरात स्वतःचं आम्ल फारसं तयार होत नाही, कारण तशी गरजच नसते. दुधातल्या लॅक्टोजवर लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू वाढतात आणि तेच लॅक्टिक आम्ल करून पोट आंबट ठेवतात. शिवाय आईच्या दुधातून दिवसभर प्रतिपिंडं येत असतात, ती आतड्याच्या भिंतीला लेप देऊन ठेवतात. तू पिल्लू उचलून वेगळ्या खणात टाकलंस की एका दिवसात हे दोन्ही बंद. लॅक्टोज नाही म्हणून लॅक्टोबॅसिलस घटतात, प्रतिपिंडं नाहीत म्हणून भिंत उघडी पडते. वर आई दिसत नाही, भावंडं बदलली, जागा बदलली, म्हणून ते खातच नाही. पुष्कळ पिल्लं पहिला दिवसभर तोंड लावत नाहीत, काही तर दोन दिवस तशीच राहतात. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्न शोषून घेणारी जी बारीक लव असते, ती खाणं पोटात न गेल्यामुळे काही दिवसांतच आखूड होते. मग भूक अनावर झाली की तेच पिल्लू एकदम पोटभर खातं. जठरात आम्ल पुरेसं नाही, लव झडलेली, आणि समोर बावीस-तेवीस टक्के प्रथिनाचा खुराक. पचणार किती? बरंच न पचता मागं जातं.

आणि या घटकेची वाट पाहत बसलेला एक जंतू आहे, ई. कोलाय. तो निरोगी पिल्लाच्या पोटातही असतो, पण त्याच्या काही जाती विषारी असतात. त्यांच्या अंगावर एफ४ किंवा एफ१८ नावाचे बारीक तंतू असतात, त्यांनी ते लहान आतड्याच्या भिंतीला चिकटतात आणि विष सोडतात. त्या विषानं शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, विशेषतः तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत, जी पाण्यासारखी पिवळट-करडी हगवण लागते ती बहुधा हीच. एफ१८च्या काही जातींमुळे हगवणीऐवजी पापण्या सुजतात, पिल्लू लडखडतं आणि पटकन मरतं. एकाच शेडमध्ये एका मादीची सगळी पिल्लं हगतात आणि शेजारच्या मादीची खुशाल हिंडतात, असं तुला दिसेल. तेव्हा नजर लागली असं कोणी म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. एफ४ला चिकटायला जी जागा लागते, ती काही वंशांच्या आतड्यात जन्मतःच नसते. अशा मादीची नोंद ठेव, तिची मादी पिल्लं पुढे पैदाशीला राखता येतात.

म्हणून पहिला कानमंत्र: दूध तोडल्यावरचे दोन आठवडे प्रथिन कमी कर. घाबरू नकोस, पिल्लू वाळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मर्डॉक विद्यापीठात जे. एम. हिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकतीच दूध तोडलेली पिल्लं घेतली, त्यांना मुद्दाम विषारी ई. कोलाय पाजला, आणि काहींना सुमारे २४ टक्के प्रथिनाचा, तर काहींना सुमारे १७ टक्के प्रथिनाचा खुराक दिला. कमी प्रथिनाच्या खुराकात लागणारी अमिनो आम्लं वेगळी मिसळलेली होती. त्या पिल्लांमध्ये प्रथिन कुजल्याच्या खुणा कमी दिसल्या आणि हगवणही कमी झाली. २००९च्या सुमारास हे छापून आलं. त्यानंतर युरोपात अनेक ठिकाणी हाच रस्ता धरला गेला. तिकडे तर गरजच पडली. त्याचं कारण पुढे सांगतो.

अमिनो आम्लांचा भाग मात्र विसरायचा नाही. नुसती पेंड कमी केलीस आणि बाकी काही केलं नाहीस, तर पिल्लू खरंच खुरटेल. डुकराला प्रथिन म्हणून प्रथिन लागत नाही, त्यातली ठरावीक अमिनो आम्लं ठरावीक प्रमाणात लागतात. बैलजोडीतला एक बैल थकला की औत त्याच्याच चालीनं चालतं, दुसऱ्याची ताकद वाया जाते, तसंच इथं. मका, तांदूळ, गहू यांवर वाढणाऱ्या डुकराच्या खुराकात सगळ्यात आधी कमी पडतं ते लायसिन. मग थ्रिओनिन, मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन. लायसिन पुरं पडेपर्यंत पेंड वाढवत गेलास तर बाकीची सोळा-सतरा अमिनो आम्लं ढिगानं जातात. ती काही पिल्लाच्या कामाची नसतात. पचली तर यकृत त्यांचा युरिया करून लघवीवाटे टाकतं, न पचली तर जंतूंच्या तोंडी जातात. त्यापेक्षा पेंड आवर आणि लायसिन पुडीनं घाल. पशुखाद्याच्या दुकानात एल-लायसिन मिळतं, कोंबडीवाले नेहमी नेतात.

शंभर किलोचा हिशोब देतो, लिहून घे. मक्याचा भरडा ६४ किलो, सोया डीओसी १७, गव्हाचा जाड कोंडा ८, साय काढलेल्या दुधाची भुकटी ५, चांगल्या प्रतीची मासळीची कुटी ३, आणि उरलेल्या ३ किलोत खनिज मिश्रण, मीठ, जीवनसत्त्वं. मक्यात साधारण ९ टक्के प्रथिन धर, डीओसीत ४५, कोंड्यात १५, दूध भुकटीत ३४, कुटीत ५५. बेरीज १८च्या आसपास येते. त्यात लायसिन ३०० ते ४०० ग्रॅम, थ्रिओनिन आणि मेथिओनिन प्रत्येकी १०० ते १५० ग्रॅम. पुड्या आधी पाच किलो भरड्यात कालवून मग मोठ्या ढिगात मिसळ, नाहीतर एका पिल्लाच्या तोंडी सगळं आणि दुसऱ्याच्या काहीच नाही असं होईल. दूध भुकटी महाग आहे हे मला माहीत आहे. फक्त त्या दोन आठवड्यांसाठी लागते, आणि तिच्यातल्या लॅक्टोजवर लॅक्टोबॅसिलस जगतात. तिथं काटकसर करू नकोस. चीज करणाऱ्या डेअरीकडून निवळीची भुकटी मिळाली तर तीही चालेल.

दोन आठवडे नीट गेले, विष्ठा बांधून आली, की प्रथिन हळूहळू २०पर्यंत न्यायला हरकत नाही. पण एका रात्रीत नको. जुना खुराक आणि नवा खुराक मिसळत चार-पाच दिवसांत बदल. आतड्यातले जंतू खुराकाप्रमाणे बदलतात, पण त्यांना वेळ लागतो. आईच्या अंगावरच्या पिल्लात बॅक्टेरॉइड्स जास्त असतात. धान्य आणि तंतू खायला लागल्यावर प्रेवोटेला वाढतात. हा बदल व्हायच्या आत खुराक पुन्हा पालटला तर आतड्यात कोणाचंच बस्तान बसत नाही.

याच कारणासाठी आईच्या अंगावर असतानाच, दहा-चौदा दिवसांचं पिल्लू झाल्यावर, थोडा कोरडा खुराक समोर ठेवायला लाग. मूठभर ठेव, पण रोज ताजा. उरलेला मादीला टाक. पिल्लू जेवढं चाटेल तेवढ्यानं त्याच्या पाचकरसांना सवय होते. आणि तोडायची घाई करू नकोस. मोकळ्या रानात राहणारी मादी तीन-चार महिने पिल्लांना हळूहळू तोडत जाते. युरोपीय संघाचा नियम २८ दिवसांचा आहे, खास सोय असेल तरच २१. आपल्याकडे सहा ते आठ आठवड्यांची पद्धत आहे. तू पस्तीस दिवस म्हणतोस. मादीचा पुढचा माज लवकर यावा म्हणून ते ठीक आहे, पण ज्या पिल्लाचं वजन भरलेलं नाही त्याला आणखी आठवडाभर अंगावर राहू दे.

आता प्रथिन कुठलं, हे किती याच्याइतकंच मोठं आहे. घरचं कच्चं सोयाबीन भरडून घालायचा मोह कधी करू नकोस. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. ट्रिप्सिन अडलं की प्रथिन पचत नाही, सगळं मागं जातं. भाजून किंवा उकडूनच वापरायचं. डीओसी कारखान्यात भाजलेली असते, तरी तिच्यात ग्लायसिनिन आणि बीटा-कॉन्ग्लायसिनिन नावाची प्रथिनं असतात, ती कोवळ्या आतड्याला खुपतात, भिंत सुजते, लव आणखी आखूड होते. म्हणून लहान पिल्लांच्या खुराकात डीओसी वीस टक्क्यांच्या आत ठेवतात आणि उरलेली भर दुधातून, मासळीतून घालतात. डीओसी करपलेली, काळपट असेल तरी घेऊ नकोस. जास्त भाजलं की लायसिन साखरेशी जुळून निरुपयोगी होतं. पोत्यावर प्रथिन तेवढंच दिसतं, पण पिल्लाला मिळत नाही.

शेंगदाणा पेंड मोठ्या डुकरांना थोडी दे, पिल्लांना नको. तिच्यात लायसिन कमी, आणि आपल्या कोकणच्या दमट हवेत तिला बुरशी लवकर लागते. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृत खाऊन टाकतं. सरकी पेंड तर डुकराच्या शेडमध्ये आणूच नकोस. तिच्यातलं गॉसिपॉल गाईला सोसतं, डुकराच्या हृदयाला नाही.

मासळीची कुटी आपल्या किनाऱ्यावर सहज मिळते आणि तीच सगळ्यात जास्त फसवते. वाळूत वाळवलेल्या मासळीत वाळू येते, टिकावी म्हणून मीठ येतं. ग्लासभर पाण्यात चमचाभर कुटी टाकून ढवळ आणि तळाला काय बसतं ते बघ. खारट लागते का, जिभेवर ठेवून बघ. वास आंबट-कुजका येत असेल तर परत कर. कुजलेल्या मासळीत हिस्टामिन आधीच तयार झालेलं असतं, मग पिल्लाच्या पोटातल्या जंतूंना दोषी धरण्यात अर्थ नाही. आणखी एक लक्षात ठेव. पोत्यावरचा प्रथिनाचा आकडा प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून आणि त्याला ६.२५नं गुणून काढतात. कोणी युरिया मिसळला तरी आकडा वाढतो, आणि डुकराला युरियाचा काही उपयोग नाही. गाईच्या कोठ्यातले जंतू त्यातून प्रथिन करू शकतात, डुकराकडे तो कोठा नाही. म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या मोठ्या आकड्यापेक्षा ओळखीच्या दुकानदाराचा बेताचा आकडा बरा.

हॉटेलच्या उष्ट्याबद्दल बोलायलाच हवं, कारण सावंतवाडीपासून खाली गोव्यापर्यंत बहुतेक वराहपालन त्यावरच चालतं. मोठ्या डुकरांना ते द्यायला माझी हरकत नाही. पण एका दिवशी त्यात भातच भात असतो, दुसऱ्या दिवशी मासळीची डोकी आणि कोंबडीची हाडं. प्रथिन रोज वेगळं, म्हणून जंतूंनाही रोज वेगळं खाणं. नुकतं दूध तोडलेल्या पिल्लाला उष्टं अजिबात नाही, निदान तीन महिन्यांचं होईपर्यंत नाही. आणि मोठ्यांनाही उकळी फुटल्यावर किमान अर्धा तास उकळूनच. २०२०मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. त्यावर औषध नाही, आणि तो डुकराच्या मांसाच्या उरल्यासुरल्या तुकड्यातूनही पसरतो. माणसाला तो होत नाही, पण शेड रिकामी करतो. इथं हयगय नको.

गोव्यात काजूच्या हंगामात बोंडूंचा पिळलेला चोथा पडलेला असतो, आणि बिअरच्या कारखान्यातून धान्याचा ओला चोथा मिळतो. दोन्ही मोठ्या डुकरांना चांगले, कारण तंतू भरपूर. बिअरच्या चोथ्यात सुक्या वजनावर वीस टक्क्यांच्या वर प्रथिन असतं हे मात्र हिशोबात धर, आणि ओला चोथा दोन दिवसांच्या वर ठेवू नकोस.

तंतूंचं महत्त्व मी मुद्दाम पुन्हा सांगतो. मोठ्या आतड्यातल्या जंतूंना तंतू मिळाले की ते प्रथिनाकडे कमी वळतात, आणि जो नायट्रोजन येतो तो स्वतःच्या अंगात घेऊन वाढतात. अमोनिया कमी उरतो. म्हणून वरच्या हिशोबात गव्हाचा कोंडा ठेवला आहे. तो जाड हवा, पीठ केलेला नको. जाड कोंड्याच्या कणांना ई. कोलाय चिकटतो आणि विष्ठेबरोबर बाहेर जातो, असं स्पेनमधल्या संशोधकांनी पाहिलं आहे. भाताचा कोंडा वापरायचा तर ताजा. आठवडाभरात त्यातलं तेल खवट होतं. आणि मकाही फार बारीक दळू नकोस, जठराला जखमा होतात.

आमच्या लहानपणी डुकरांसाठी कांजी आंबवून ठेवत. ती पद्धत चांगली होती. भरडा पाण्यात भिजवून आंबवला की लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि ई. कोलायच्या कुळातले जंतू त्यात टिकत नाहीत. डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये आजही आंबवलेला पातळ खुराक देतात. नीट आंबलेल्या कांजीचा सामू साडेचारच्या खाली असतो. दुकानात कागदाच्या पट्ट्या मिळतात, बुडवून बघ. पण तू लायसिनची पुडी घालणार आहेस म्हणून सावध करतो: पुडी आंबवायच्या आधी घालू नकोस. आंबताना सुरुवातीला जंतू सुटं लायसिन खाऊन टाकतात, त्याचं कॅडाव्हेरिन होतं. पैसे गेले, वर नको तेच पिंपात तयार झालं. मका आणि कोंडाच आंबव. डीओसी, दूध भुकटी, लायसिन खायला घालायच्या वेळी मिसळ.

आंबटपणाचा आणखी एक शत्रू तुझ्या खनिज मिश्रणात आहे, तो म्हणजे चुनखडीची पूड. कॅल्शियम लागतं, पण चुनखडी जठरातलं आम्ल शोषून घेते. प्रथिनही आम्ल शोषतं. दोन्ही जास्त झाले की पिल्लाच्या जठरात पेप्सिनला कामच करता येत नाही. त्या दोन आठवड्यांत चुनखडी कमीत कमी ठेव, कॅल्शियम डाय-कॅल्शियम फॉस्फेटमधून मिळू दे. हवं तर पाण्यात किंवा खुराकात सायट्रिक किंवा फॉर्मिक आम्ल मोजून घाल. फॉर्मिक हाताला भाजतं, हातमोजे घालून हाताळ.

आता औषधांचं. दुकानदार तुला झिंक ऑक्साइडची पिशवी दाखवेल आणि म्हणेल, टनाला अडीच-तीन किलो टाका, हगवण थांबते. थांबते, हे खरं आहे. युरोपात वर्षानुवर्षं तेच केलं. पण पिल्लू त्यातलं बहुतेक जस्त विष्ठेवाटे टाकतं, ते शेतात साठतं, आणि जस्त सोसणाऱ्या जंतूंमध्ये अँटिबायोटिकला न जुमानणारेही वाढतात. म्हणून २०२२च्या जूनपासून युरोपीय संघानं औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइड बंद केलं. वाढीसाठी खुराकात अँटिबायोटिक घालणं तर त्यांनी २००६मध्येच बंद केलं होतं, स्वीडननं त्याच्याही वीस वर्षं आधी. तिथल्या वराहपालकांना कमी प्रथिनाचा रस्ता धरावा लागला तो यामुळे. आपल्याकडे २०१९मध्ये कोलिस्टिन जनावरांत वापरायला सरकारनं बंदी घातली, कारण माणसाच्या अतिदक्षता विभागात ते शेवटचं औषध म्हणून राखून ठेवलेलं असतं. तरी पिशव्या फिरतात. कोणी हातात ठेवली तर घेऊ नकोस. तुझ्या पिल्लाच्या पोटात तयार झालेला निगरगट्ट ई. कोलाय तुझ्याच हातावरून घरात जातो, घरात तुझी आजी आहे, लहान मूल आहे.

हगवण लागलीच तर पहिल्या दिवशी खुराक निम्मा कर, पाणी कधीच तोडू नकोस. पिल्लू मरतं ते पाणी आणि क्षार गेल्यामुळे. जनावरांचं क्षारपाणी घरात आणून ठेव, उथळ थाळीत वेगळं दे. खणात कोरडा पेंढा घाल, वारा अडव, रात्री बल्ब लाव. पाच आठवड्यांच्या पिल्लाला २८ अंशांच्या आसपास ऊब लागते, थंडीनं आकसलेलं आतडं काही पचवत नाही. विष्ठेत रक्त दिसलं, ताप भरला, पापण्या सुजल्या किंवा एका दिवसात दोन पिल्लं गेली, तर डॉक्टरला बोलाव आणि विष्ठेचा नमुना तपासायला पाठव. काय जंतू आहे आणि कोणतं औषध त्याला लागू पडतं हे कळल्याशिवाय इंजेक्शन नको.

वाढत्या डुकरांसाठी फार सांगत नाही. वाढत्याला १६ ते १८ टक्के, विक्रीला तयार होणाऱ्याला १४, गाभण मादीला १३-१४, दूध पाजणाऱ्या मादीला १६, एवढं पुरतं. तुझ्याकडे यॉर्कशायरचे संकर आहेत आणि दोन गावठी माद्याही. गावठी डुकराच्या अंगावर मांस हळू चढतं, म्हणून त्याला लायसिन कमी लागतं. काणकोणकडची अगोंद गोवन तर आता देशाच्या नोंदलेल्या जातींत आहे, आणि तंतुमय खाण्यावर ती चांगली राहते. तिला यॉर्कशायरच्या तक्त्याप्रमाणे पेंड घातलीस तर पैसे गटारात जातात. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत या जातीवर काम चाललं आहे. एकदा जाऊन ये, ते लोक नीट बोलतात.

शेडमध्ये पाऊल टाकताच डोळे चुरचुरले तर समज, प्रथिन जास्त होतंय. लघवीतला युरिया आणि विष्ठेतले जंतू भेटले की अमोनिया उठतो. खुराकातलं प्रथिन एक टक्क्यानं उतरवलं की अमोनिया आणि वाया जाणारा नायट्रोजन साधारण आठ ते दहा टक्क्यांनी कमी होतो. शेजाऱ्यांची तक्रार यायच्या आत हे केलेलं बरं. आपल्याकडे डुकराची शेड म्हटलं की गावाचं नाक आधीच वर असतं. नराच्या मांसाला येणारा उग्र वासही अंशतः इथलाच: मोठ्या आतड्यातले जंतू ट्रिप्टोफॅनपासून स्कॅटोल करतात आणि ते चरबीत मुरतं. कत्तलीआधी आठवडाभर तंतू वाढवले तर ते कमी होतं.

रोज सकाळी खुराक घालायच्या आधी विष्ठा बघ. बांधलेली, तपकिरी, फारसा वास नसलेली असेल तर सगळं ठीक. वास कुजक्या अंड्यासारखा झाला, रंग करडा झाला, पण अजून पातळ नाही, तर त्याच दिवशी डीओसी दोन किलोनं उतरव आणि तेवढा कोंडा वाढव. वास आधी बदलतो, हगवण मागून येते. मधले ते एक-दोन दिवस तुझ्या हातात असतात. एक वही कर: तारीख, खुराकात काय, विष्ठा कशी, वजन किती. दुसऱ्या वेतापासून ती वही माझ्यापेक्षा जास्त शिकवेल.

पिल्लं तोडायच्या आदल्या आठवड्यात लायसिन, दूध भुकटी आणि क्षारपाण्याच्या पुड्या आणून ठेव, आणि खुराक दिवसातून पाच-सहा वेळा थोडा थोडा घालायला घरातलं कोण राहणार ते आजच ठरव.